दहा लाइनींची भिशी

दोन्या नेरेइदांच्या हातून गेलेला फोन मरत नाही, असं फोर्डम रोडवर म्हणतात. दोन्या म्हणजे स्पॅनिशमध्ये वडीलधाऱ्या बाईला मानानं मारायची हाक. आता फोन म्हणजे काही गायगुरं नव्हेत मरायला, पण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ज्यांनी कधी रस्त्यावर फोन विकत घेतलाय त्यांना विचारून बघा. दोन महिने झकास चालतो, आणि एक दिवस सकाळी उठून बघावं तर हातात नुसता काचेचा तुकडा. ज्या गृहस्थानं तो कंपनीकडून हप्त्यावर उचललेला असतो, त्यानं हप्ते बुडवलेले असतात. कंपनी फोन बंद पाडून मोकळी होते आणि रोख पैसे देऊन घेणारा बसतो कपाळाला हात लावून.

दोन्यांच्या बाबतीत हे बारा वर्षांत एकदाही झालं नाही. एकदा व्हायचं होतं, पण दोन्यांनी होऊ दिलं नाही.

त्यांचा कारभार ऐकायला अवघड वाटतो, पण आहे साधा. फोन कंपनीत एक खातं, खात्यावर दहा जणांच्या दहा लाइनी, आणि खातं दोन्यांच्या नावावर. कारण या देशात राहायचे कागद आणि पत दोन्ही असणारं माणूस त्या दहा जणांत एकच होतं. बाकीच्या नऊ जणांत कुणाकडे कागद नव्हते, तर कुणाकडे कागद असून पत नव्हती. सप्टेंबरात नवा फोन बाजारात आला की ज्याची पाळी असेल त्याच्यासाठी खात्यावर एक फोन हप्त्यानं उचलायचा. त्याच दिवशी तो रादामेसच्या दुकानात रोखीनं विकायचा, पैसे पाळीवाल्याच्या हातात, आणि हप्ते सगळ्यांनी मिळून फेडायचे. दोमिनिकन लोक याला सान म्हणतात. आपण भिशी म्हणतो. नाव काही ठेवा, शेवटी सगळं एका बाईच्या शब्दावर चालतं.

हे फोन कंपनीला बांधलेले असतात, दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर ओळख दाखवत नाहीत. पण रादामेसची गिऱ्हाइकंही त्याच कंपनीचं, आगाऊ पैसे भरून चालवायचं सिम वापरणारी. हप्त्याचं खातं उघडायला गेलं की ज्यांना काउंटरवरून गोड हसून परत पाठवतात, अशी माणसं. भांडी घासून, ओझी वाहून साठवलेल्या पैशांतून त्यांनाही नवा फोन हवा असतो, आणि का नसावा? पहिल्या आठवड्यात ती छापील किमतीच्या वर पैसे मोजतात. पुढच्या महिन्यात त्याच फोनला कुत्रं विचारत नाही. म्हणून पहिला दिवस गाठायचा, ही या धंद्यातली खरी मेख.

दोन्यांनी स्वतः कधी पाळी घेतली नाही. हप्ता मात्र सगळ्यांच्या बरोबरीनं भरला. त्यांच्या पर्समध्ये एक जुना घडीचा फोन असायचा, तो उघडला की टाळी वाजवल्यासारखा आवाज व्हायचा. मंडळी चिडवायची, दोन्या, जगाला नवे फोन वाटता आणि स्वतः म्यूझियम घेऊन फिरता. दोन्या म्हणायच्या, मला फक्त तो वाजलेला ऐकू यायला हवा, बाकी त्याच्यात सिनेमे बघायचे नाहीत. यावर मंडळी विषय बदलायची. कारण तो कुणासाठी वाजायला हवा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन्यांचा मुलगा विल्किन. सहा वर्षांपूर्वी या पठ्ठ्यानं भिशीतला एक फोन परस्पर नेला, स्टेशनखाली एका अनोळखी माणसाला विकला आणि घरी येऊन सांगितलं, बसमध्ये चोरीला गेला. खोटं दोन दिवसांत उघडं पडलं. तेव्हा भिशीतल्या शहाण्यांनी सल्ला दिला की चोरीची तक्रार करून टाका, कंपनी तो फोन बंद पाडेल, विम्यातून नवा मिळेल, कुणाचंच काही जाणार नाही. दोन्यांनी विचारलं, ज्यानं पैसे देऊन घेतला त्याचं काय? तो कोण, कुठला, कुणाला माहीत नव्हतं. पण त्या न पाहिलेल्या माणसाच्या फोनचे सगळे हप्ते दोन्यांनी लोकांच्या पँटी आखूड करून, पडदे शिवून एकटीनं फेडले. असं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी तरी दुसरं पाहिलं नाही.

आणि मुलाला त्या म्हणाल्या, खरं बोलावंसं वाटेल तेव्हा माझा नंबर तुला पाठ आहे. तोवर तोंड दाखवू नकोस. विल्किननं हे दुसरं वाक्य तेवढं मनावर घेतलं. त्यानं स्वतःचा नंबर बदलला, शहर बदललं, आणि दोन्या आपला नंबर सांभाळत बसल्या.

आता योकास्ताकडे येऊ, कारण यंदाची पाळी तिची होती.

योकास्ता दोमिनिकन देशातल्या बानीची, वाळूच्या टेकड्यांच्या गावची. पंधराव्या वर्षापासून हातात कंगवा आणि ड्रायर. इथं आल्यावर मात्र नशिबी आली म्हाताऱ्यांची सेवा. आठ वर्षं ती एका आयरिश आजीबाईंना अंघोळ घालत होती, गोळ्या देत होती, आणि त्यांचे उरलेसुरले चार केस असे काही बसवून देत होती की आजीबाई आरशासमोरून हलायच्या नाहीत. जूनमध्ये त्या आजीबाई वारल्या. योकास्तानं ठरवलं, बस, आता केसच. फियोरच्या सलूनमध्ये खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होत होती. खुर्ची भाड्यानं घ्यायची, आपली गिऱ्हाइकं आपण करायची. फियोर स्वभावानं चांगली, पण व्यवहारात रोखठोक. शनिवारपर्यंत अनामत आण, नाहीतर रविवारी दुसरी बाई बसेल, असं तिनं सांगून टाकलं होतं. नवा फोन शुक्रवारी येणार होता. योकास्तानं कात्र्या धार लावून आणल्या होत्या.

यंदा कंपनीनं एक पाचर मारून ठेवली होती. हप्त्यानं फोन मिळेल, पण फक्त नवा नंबर घेणाऱ्याला. जुन्या लाइनीवर हवा असेल तर निम्मे पैसे आधी मोजा. खात्यावर दहाच्या वर लाइनी चालत नाहीत, म्हणजे एक जुनी बंद केल्याशिवाय नवी मिळणार नाही. आणि जिच्यावर फोनचे हप्ते चालू आहेत ती लाइन बंद केली, तर सगळी बाकी एकदम भरावी लागते. दोन्यांनी याचाही विचार करून ठेवला होता. म्हाताऱ्या एलीहियोची लाइन हप्त्यातून मोकळी झाली होती. एलीहियो पूर्वी टॅक्सी चालवायचा, आता दर महिन्याला दोन्यांच्या वतीनं दुकानात जाऊन बिल भरून यायचा, त्यासाठी दोन्यांनी खात्यावर त्याचं नावही घातलं होतं, आणि त्यामुळे दुकानदारीतलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज होता. नंबर बदलायला तो एका पायावर तयार होता. जुन्या नंबरवर आपल्या बायकोच्या बहिणी फोन करतात, सुटका होईल, असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी तिघं उजाडताच कंपनीच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिली. पोस्टानं फोन मागवणं दोन्यांना मंजूर नव्हतं, इमारतीच्या दारातून खोकी पाय फुटल्यासारखी जातात. एलीहियोनं थर्मासमधून कॉफी आणली होती, योकास्तानं पास्तेलितो, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या. रांगेतल्या अर्ध्या लोकांना दोन्या ओळखत होत्या आणि उरलेले अर्धे त्यांना ओळखत होते. रादामेसनं पलीकडच्या फुटपाथवरून हात हलवून विचारलं की माल येतोय ना, गिऱ्हाईक दुकानात बसलंय. दोन्यांनी मान हलवली. रादामेसनं पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाचा फोन असता तर त्यानं खोकं फोडून, नंबर तपासून, सतरा प्रश्न केले असते.

काउंटरवर मिल्ड्रेड नावाची पोर्तो रिकोची बाई होती, कामात वाघीण. तिनं ओळखपत्र पाहिलं, खातं उघडलं, एलीहियोचा नंबर टाकला आणि भुवया वर केल्या. ही लाइन बंद करायची तर हजार डॉलरच्या वर भरावे लागतील, ती म्हणाली. हिच्यावर जूनमध्ये फोन घेतलाय.

दोन्यांनी सावकाश वळून एलीहियोकडे पाहिलं. एलीहियोनं छताकडे पाहिलं.

मग सगळं बाहेर आलं. जूनमध्ये बिल भरायला गेला तेव्हा काउंटरवरच्या एका गोडबोल्यानं त्याला सांगितलं की तुमच्यासारखं इमानदार गिऱ्हाईक लाखात एक, हा फोन घेऊन जा, आज एक पैसा देऊ नका. एलीहियोला वाटलं बक्षीस. इतकी वर्षं वेळेवर बिल भरल्याचं बक्षीस, त्यात नवल काय! दाखवायला नको, लोक जळतील, म्हणून त्यानं मुलीनं पाठवला असं सगळ्यांना सांगितलं होतं. पहिले तीन महिने कंपनीनं काही घेतलं नव्हतं, त्यामुळे बिलातही दिसलं नाही. हप्ते पुढच्या महिन्यापासून सुरू होणार होते.

"तो म्हणाला, आज एक पैसा नको," एलीहियो पुटपुटला.

"आज म्हणाला ना? उद्याचं विचारलंस का?" दोन्यांनी विचारलं.

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मिल्ड्रेडनं एकेक लाइन तपासली. सगळ्यांवर काही ना काही बाकी, कुठे ज्याचा त्याचा वापरायचा फोन, कुठे भिशीचा. योकास्ताच्या लाइनीवर तर गेल्या वर्षी दुसऱ्याच्या पाळीला उचललेला फोन.  योकास्ताच्या डोळ्यांसमोर ती खिडकीजवळची खुर्ची होती आणि खुर्चीत दुसरी कुणीतरी बसलेली दिसत होती.

"एक मोकळी आहे," मिल्ड्रेड म्हणाली. "पण ती मुख्य लाइन आहे, तुमचीच."

दोन्यांनी एक क्षणही घेतला नाही. पर्स काउंटरवर ठेवली, पाठ ताठ केली आणि चष्मा न लावता आपला नंबर घडाघडा सांगितला.

"हा बंद करा आणि नवा द्या."

खोटं कशाला बोलायचं, योकास्ताला आधी हायसं वाटलं. खुर्ची परत मोकळी झाली. मग दोन्यांच्या हाताकडे तिची नजर गेली. तो हात पर्सवर होता, आणि पर्सच्या कातड्यातून आतला फोन चाचपत होता. अंधारात आई पाळण्यातल्या पोराला चाचपून बघते ना, तसा. योकास्ताला एकदम कळलं की ही बाई काय देऊन टाकते आहे, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं मिल्ड्रेडला विचारलं, नंबर जिवंत ठेवून लाइन मोकळी करता येत नाही का? येते, मिल्ड्रेड म्हणाली, नंबर दुसऱ्या कंपनीत हलवायचा. पण त्याला उद्यापर्यंत वेळ लागेल, आणि मागे बघा. मागे रांग कोपऱ्यावरून वळली होती. फोन दुपारपर्यंत संपणार होते, पुढचा माल महिन्याभरानं.

"दोन्या, थांबा," योकास्ता म्हणाली. "विल्किनला हा एकच नंबर ठाऊक आहे."

"मला माहिती आहे त्याला काय ठाऊक आहे ते."

"मग?"

"मग काय? माझ्या भिशीत कुणाची पाळी चुकलेली नाही. कुणाच्या हातून चूक झाली तर ती मी भरून काढायची, हा नियम मीच केलाय. एलीहियोला मीच बिल भरायला पाठवत होते. सहा वर्षांत न आलेला फोन आजच येणार आहे का? तू तुझी खुर्ची बघ, पोरी." आणि मिल्ड्रेडकडे वळून त्या म्हणाल्या, "चालू द्या."

आवाज असा की पुढे बोलायची सोय नाही. बारा वर्षं त्या आवाजापुढे नऊ जण गप्प बसत आले होते. योकास्ताही बसली असती. पण मिल्ड्रेडची बोटं चालू लागलेली तिला दिसली, आणि कुठून बळ आलं देव जाणे, तिनं हात लांब करून काउंटरवरच्या यंत्रावर ठेवला.

"मी पाळी बदललीय."

सान कुठलंही असो, एक रीत त्यात दगडावरची रेघ असते. दोघांनी आपसात पाळी बदलायची ठरवली आणि तिसऱ्यानं ऐकलं, की झालं. भिशी चालवणाऱ्यालाही त्यात बोलता येत नाही. कुणाचं लग्न निघतं, कुणाचा बाप आजारी पडतो, माणसं एकमेकांची अडचण बघून पुढे-मागे होतात. यावरच तर सगळं टिकलंय.

"कुणाशी बदललीस?" दोन्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"तुमच्याशी."

"माझी पाळीच नाही."

"बारा वर्षं हप्ता भरताय आणि पाळी नाही? हप्ता भरतो त्याची पाळी असते, हे तुम्हीच शिकवलंत. आजची पाळी तुमची. तुम्हाला स्वतःसाठी नवा फोन हवा असेल, तर खुशाल नंबर बंद करा. माझ्यासाठी करायचा नाही."

"मी कबूल केलेलं नाही," दोन्या म्हणाल्या.

"मी ऐकलं," एलीहियो मधेच म्हणाला. "मी साक्षीला आहे. दोघींचं ठरलं."

"तू गप्प बस, बक्षीसवाल्या."

पण एलीहियो गप्प बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो दोन्यांपुढे ताठ उभा राहिला. ऐकलं म्हणजे ऐकलं, तो म्हणाला, पाहिजे तर या बाईला विचारा. मिल्ड्रेडला यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं दोन्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग योकास्ताच्या हाताकडे, आणि म्हणाली की मलाही तसंच ऐकू आलं. मागून कुणीतरी ओरडलं की लग्न लावताय का तिथं, आटपा.

दोन्यांच्या गळ्यात त्यांचाच नियम अडकला होता. त्यांनी एलीहियोवर डोळे वटारले. मग पर्स उचलली, मिल्ड्रेडला म्हणाल्या, तुमचा वेळ घेतला, माफ करा, आणि कुणाकडेही न बघता दुकानाबाहेर चालू लागल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी योकास्ताला जे काही सुनावलं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. मूर्ख, हट्टी, हातातोंडाशी आलेला घास टाकणारी, बानीच्या बायकांच्या डोक्यात वाळू असते, इथपर्यंत मजल गेली. योकास्तानं सगळं ऐकून घेतलं. रादामेसला जाऊन सांगायचं काम एलीहियोकडे आलं. तो रस्ता ओलांडून गेला, आणि दुकानाच्या काचेतून त्याचे जोडलेले हात दिसत राहिले.

योकास्तानं फियोरला संदेश पाठवला की उद्या अनामत जमणार नाही, खुर्ची देऊन टाक. उत्तर लगेच आलं. वाईट वाटलं, पण थांबता येणार नाही. योकास्तानं ते दोनदा वाचलं. खूप दुखलं तिला, नाही कसं? आठ वर्षांची आस होती. आता पुन्हा एजन्सीला फोन करायचा, पुन्हा कुणाचं तरी अंथरूण, कुणाच्या तरी गोळ्या. ती बसथांब्याच्या बाकावर बसली आणि कुणाला दिसू नयेत म्हणून खाली मान घालून तिनं डोळे पुसले. दोन्या शेजारी येऊन बसल्या. आता त्यांचा राग ओसरला होता. थर्मासमध्ये उरलेली कॉफी त्यांनी झाकणात ओतली आणि तिच्यापुढे धरली. 

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

तुम्हाला सांगतो, न्यूयॉर्कात अनोळखी नंबर कुणी उचलत नाही. दिवसातून दहा वेळा वाजतो, दहा वेळा लोक बघून परत ठेवतात. पण दोन्यांचा हात असा गेला की कॉफी योकास्ताच्या चपलेवर सांडली. टाळी वाजवल्यासारखा फोन उघडला.

"बोल," त्या म्हणाल्या. नुसतं एवढंच. योकास्ता जवळ सरकली.

पलीकडून एक तरुण आवाज घाईघाईनं काही बोलत होता, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, एका दमात, पाठ केल्यासारखा. म्हाताऱ्या माणसांसाठी विम्याची योजना, दातांचा खर्च, चष्म्याचा खर्च. बाकावर बसल्या बसल्या योकास्ताला सगळं ऐकू येत होतं. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच शब्दाला फोन आपटला असता. दोन्यांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. तो थांबला, तेव्हा त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"नाही रे बाळा, मला नकोय काही. सकाळपासून बोलतोयस का? काही खाल्लंस?"

 तो पोरगा काहीतरी म्हणाला, ते योकास्ताला ऐकू आलं नाही.

"मग आधी खाऊन घे," दोन्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन मिटला.

"कोण होतं?" माहीत असूनही योकास्तानं विचारलं.

"कुणाचा तरी मुलगा," दोन्या म्हणाल्या, आणि फोन पर्समध्ये न ठेवता हातातच धरून बसल्या.